नळीतली पांढरी रेघ

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वडीगोद्रीच्या अलीकडच्या वस्तीवर त्या दिवशी कुणी खुरपं हातात धरलं नाही. नळीबाबा आले की शेतं थांबत, आणि अक्कलही. लिंबाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. चांगुणाबाई सगळ्यांच्या पुढे बसली होती, कारण निवाडा तिच्याच घरचा होता. तिचा पहिला नातू मंदबुद्धी निपजला आणि वर्षापूर्वी गेला. दुसराही त्याच चेहऱ्याचा जन्मला. खोट कुणाच्या रक्तात, मुलाच्या, काकासाहेबाच्या, की सुनेच्या, पुष्पाबाईच्या, हे आज बाबा सांगणार होते.

बाबांनी दोघांचं रक्त सुईनं काढलं. काकासाहेबाचं कोरड्या काचनळीत घालून फांदीला टांगलं. पुष्पाबाईच्या नळीत मात्र आधी तीर्थ ओतलं, नळीला बूच मारलं, ती गोफणीत बसवली आणि डोक्याभोवती गरगर फिरवायला लागले.

"चेटकिणीचं रक्त लई मुकं! चक्कर आल्याबिगर तोंड उघडत न्हाई!"

लोकांनी हात जोडले. पाखरं हाकलायच्या गोफणीत देव कधी शिरला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं गोफण थांबली. नळीत खाली लाल, वर पिवळं, आणि मधे बारीक पांढरी रेघ. फांदीवरच्या नळीत मात्र रक्ताची नुसती गुठळी.

"ही बघा चेटकाची साय! हिला घराबाहेर काढा. अन् लेकराच्या पोटाला डागण्या द्या, जल्दी!"

चुलीत विळा तापतच होता. पुष्पाबाईनं लेकरू छातीशी आवळलं. चांगुणाबाई ते हिसकायला उठली, तोच गर्दीतून एक बाई पुढे आल्या. डॉक्टर बेबीनंदा खरात. अशी मुलं का जन्मतात हे शोधण्यासाठी या घराचं रक्त न्यायला त्या औरंगाबादहून आल्या होत्या.

"आजी, सुनेचं रक्त पाहिलं. आता तुमचं पाहू. त्याच तीर्थात."

"घ्या की! माह्या रक्तात काय निघनार हाय?" चांगुणाबाईनं ताठ मानेनं हात पुढे केला.

बाबांनी तीर्थाची बाटली झोळीत लपवली. काकासाहेबानं ती काढून घेतली. डॉक्टरांनी चांगुणाबाईचं रक्त तीर्थात घातलं, पुष्पाबाईचं थोडं ताजं काढून कोरड्या नळीत ठेवलं. आईची नळी काकासाहेबानंच फिरवली.

सासूच्या रक्तात पांढरी रेघ! सुनेच्या रक्ताची गुठळी!

"तीर्थ कसलं, रक्त गोठू न देणारं औषध आहे हे," डॉक्टर म्हणाल्या. "फिरवलं की जड तांबड्या पेशी तळाला जातात आणि हलक्या पांढऱ्या वर बसतात. त्या तुमच्या-माझ्या सगळ्यांच्यात असतात, रोगाशी त्याच लढतात. आम्ही यंत्रानं फिरवून हीच रेघ वेगळी काढतो, त्या पेशी वाढवतो. त्यांच्या पोटात आईबापाकडून आलेले धागे, म्हणजे गुणसूत्रं, असतात. ते पाहिले की लेकरू असं का झालं हे बऱ्याचदा कळतं. धाग्यांत गडबड होते. त्यात कुणाचा गुन्हा नसतो."

खडसावून विचारल्यावर बाबा कबूल झाले. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात ते नळ्या धूत होते.

"थोरलं लेकरू कशानं गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तापानं," काकासाहेब म्हणाला.

"ताप डागण्यांचा व्हता," चांगुणाबाई म्हणाली. "जखमा चिघळल्या. डाग बाबानं देला. पाय म्या धरले व्हते." ती सुनेकडे वळली. "पुष्पे, लई वरडत व्हतं गं ते."

पुष्पाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. लेकराचा दंड उघडा करून ती डॉक्टरांपुढे बसली.

बाबांना लोकांनी पिटाळलं. उद्या दुसरा येईल, त्याचं तीर्थ वेगळं असेल. दुसऱ्याच्या नळीत खोट दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, "त्याच तीर्थात आमची नळी का नाही फिरवली?" वर्षापूर्वी डागण्यांआधी एकानं जरी बाबांना असा सवाल केला असता, तर ते थोरलं लेकरू आज अंगणात खेळत असतं.