एक कोयता

पुस्तक दूध सोसायटीच्या पत्त्यावर आलं. आमच्या वस्तीवर कुरिअरवाला चढत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी गुरुपादअप्पा ते मोटारसायकलवर पोटाशी धरून घेऊन आले आणि ओट्यावर ठेवत म्हणाले, "पुस्तक हाय का पाटा? धारूरच्या घाटात गाडी एका अंगाला वढत होती."

बायनाआत्या माझ्या बाळाच्या टाळूवर तेल घालत होती. "त्या शिनेमाचंच ना? ज्यातल्या फडात माणसंच न्हाईत?"

अप्पा पाणी प्यायले. सोसायटीच्या हॉलमध्ये तो सिनेमा त्यांनीच लावला होता.

मी पुण्यात एका ॲनिमेशन स्टुडिओत चित्रं रंगवते. पात्रं हलवणारे वेगळे असतात. मी त्यांच्यामागचं जग रंगवते. माळ, घरं, भिंतीवरचं ऊन. दुष्काळात गाव सोडून जाणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट होती. एका दृश्यात ती बैलगाडीतून उसाच्या फडाकडे बघते. त्या फडात लांबवर माणसं घालायची मुभा मला मिळाली आणि मी तिथं माझ्या आईला घालायचं ठरवलं.

माझी आई जाईबाई. मी लहान असताना कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, ती तापानं गेली. तिचा एकच फोटो आहे, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात आई नाही, दटावून बसवलेली कुणीतरी बाई आहे. म्हणून सिनेमा तयार झाला तेव्हा मी वडिलांना, आबांना, सांगून बसले होते, "आबा, आई दिसंल तुमाला."

आबा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून आले. छावणीतल्या जनावरांना चारा टाकून गावातली बाया-माणसं आली. दुधाचे कॅन कडेला सरकवले आणि पांढऱ्या भिंतीवर सिनेमा उमटला. फड आला, माझ्याच हाताचा. आणि फडात, एका खोडक्यात रुतवलेला कोयता. बाकी कुणी नाही.

"कोयता ठिवून पाणी प्याया गेली जणू," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

घरी येताना आबांनी एवढंच विचारलं, "बाई, तुझी माय कुठं गेली?"

कुठं गेली ते मला स्टुडिओत फोन केल्यावर कळलं. पोटात बाळ होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, म्हणून मी काम अर्ध्यावर सोडून गावी आले होते. निघताना त्या दृश्याच्या आराखड्यावर लिहून ठेवलं होतं : 'फडात एक कोयता, पाठमोरा.' आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं धरत नाही, कोयते धरतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे कुणाला सांगावं लागेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. भाकरी म्हणजे काय, हे कुणी लिहून ठेवतं का? माझ्या जागी आलेल्या मुंबईच्या मुलानं वाचलं तसं काढलं. फार मन लावून काढलं. 'पाठमोरा' लिहिलंय म्हणून त्यानं धार पलीकडे वळवली होती. बघणाऱ्यांना तीच चौकट सगळ्यात आवडली म्हणे.

आई गेली तेव्हा आबा अर्धा कोयता झाले. बायनाआत्या विधवा होऊन माहेरी आलेली. ती त्यांच्याबरोबर फडात उतरली तेव्हा कुठं मुकादमानं त्यांना पुन्हा पुरं धरलं. भाऊ-बहिणीचा कोयता. त्यावर लोक काय काय बोलले ते आत्या अजून साभिनय करून दाखवते. आबा हसत नाहीत. आणि सिनेमा पाहिल्यापासून तर त्यांनी आईचं नाव काढणंच सोडलं होतं. लेक झाली, बारसं झालं, बायका म्हणाल्या आज जाईबाई असती तर. आबा उठून गोठ्याकडे गेले.

मला एवढंच हवं होतं की त्यांनी तिला एकदा बघावं.

तर ते पुस्तक. सिनेमा कसा घडला त्याच्या चित्रांचं. अशी पुस्तकं मी कॉलेजात असल्यापासून जीव लावून बघत आले आहे. सिनेमात सगळं सारवून-झाडून ठेवलेलं असतं. पुस्तकात खोडलेल्या रेघा असतात, न जमलेली तोंडं असतात, एकाच झाडाचे दहा हिरवे असतात आणि कडेला कुणाच्या तरी चहाचा डाग. सिनेमातून ज्याला उठावं लागलं त्याला तिथं पान मिळतं.

बाळ झोपल्यावर मी पानं उलटत गेले, आणि फडाचं पान आलं. उजवीकडे तो कोयता. डावीकडे माझं पेन्सिलीचं चित्र. माझ्या जुन्या फाइलीतून कुणीतरी शोधून काढलं होतं. खाली छापलं होतं : 'सुरुवातीला माणसं होती. मग ती काढून फक्त कोयता ठेवला.' जणू फार विचार करून ठेवला.

दुपारी आबा छावणीवरून आले. हातपाय धुऊन बाजेवर टेकले तसं मी पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं.

"हाच का त्यो कोयता," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. "मिटव."

"आबा, डावीकडचं बघा."

त्यांनी बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. वाकून ऊस तोडणारा माणूस, आणि त्याच्या मागं डोक्यावर मोळी घेऊन उभी राहिलेली बाई. दोघंही पाठमोरे. मी बांधावर बसून असायचे, तिथून दिसायचे तसे.

"ह्यो मी," आबा म्हणाले.

"आन ही जाई," आत्या मागून डोकावली. "पदर कसा खोचलाय बघ. आस्साच खोचायची."

आबांचं बोट बाईच्या पाठीवर आलं आणि कागदाला न टेकता तिथंच थांबलं.

"हिची पाठ मी बघितलीच न्हाई कदी," ते हळूच म्हणाले. "मी तोडीत पुढं, ती मागं मोळ्या बांधीत. खाली मान घातलेला माणूस मागं कशाला बघतोय? काकणं वाजायची, त्येवढ्यावर कळायचं, हाय म्हणून."

बाहेर पाण्याचा टँकर आला तशी आत्या घागरी घेऊन गेली.

"बाई, तोंड का न्हाई काढलं?"

हे त्यांना कधी सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. "मला आठवत नाही, आबा. पाठच आठवते."

आबांनी चष्मा काढला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की मला आठवतं, म्हणून सांगितलं नव्हतं. आणि मला वाटत होतं, त्यांना दुखतं, म्हणून विचारलं नव्हतं.

"तोंड हाय माझ्यापाशी," आबा म्हणाले. "कागद आन."

मी कागद आणला. पेन्सिलीला टोक केलं. ते डोळे मिटून बसले.

"आदी कान काढ. पहाटंचं गाडीत शेजारी बसायची, तवा कानच दिसायचा. उजवा. खालची पाळी लांब. सोनं न्हवतं, कडुलिंबाची काडी घातलेली असायची. आखूड. न्हाई, आणिक आखूड कर. हां."

एवढं झालं आणि पाळण्यातून रडू आलं. मी उठले. लेकीला पाजून परत आले तोवर आबा छावणीकडे गेले होते. पुस्तकावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी ते बाळाच्या दुपट्यानं झाकलं होतं, आणि कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वाटी.

आता लेक पुन्हा झोपलीय. कागदावर एक कान आहे, काडी घातलेला. जाताना आबा आत्याला सांगून गेले आहेत, कपाळ उद्या.