धोंडीरामच्या नावाची पावती

बंद पडलेल्या गिरणीच्या मागं जी वसाहत आहे, तिच्या पाचव्या गल्लीची एक रीत होती. भाडं भरायला कुणी एकट्यानं जायचं नाही. महिना लागला की घरोघरचे पैसे शालनमावशींच्या पिशवीत पडायचे. मावशी ते वसाहत मंडळाच्या कचेरीत भरून यायच्या आणि संध्याकाळी नळाच्या कट्ट्यावर बसून पावत्या वाटायच्या. मावशी चौथी शिकलेल्या. पावतीवरचं नाव त्या ठसक्यात पुकारायच्या, ज्याचं घर त्यानं "हाय!" म्हणायचं आणि पावती घ्यायची.

"मथुराबाई शिवशरण!"

"हाय," बुद्धप्रिया म्हणायची.

मथुराबाई म्हणजे तिची सासू. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्यांदा असं 'हाय' म्हणताना बुद्धप्रियाच्या अंगावर काटा आला होता. मग ध्यानात आलं, की गल्लीतली निम्मी नावं अशीच. शेजारचा रिक्षावाला नवनाथ म्हणायचा, "आमच्या गल्लीचं भाडं भरायला निम्मी माणसं वरनं येत्यात." घरातलं कुणी गेलं तर कचेरीला कळवायचं नाही, असं इथं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं. कळवलं की खोली गेली, ही धास्ती.

सगळ्यात शेवटी मावशींची स्वतःची पावती निघायची. तेव्हा त्यांचा आवाज उतरायचा. "धोंडीराम माने," असं त्या पुकारायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि आपणच म्हणायच्या, "हाय." मग पावतीची घडी कमरेला खोचायच्या. धोंडीराम त्यांचा नवरा. गिरणी बंद पडल्यावर त्यानं हाय खाल्ली आणि काही वर्षांनी तो गेला. बुद्धप्रियाला सगळ्यांकडं बारकाईनं बघायची सवय होती, आणि मावशींचं ते क्षणभर थांबणं तिच्या मनात घर करून होतं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि एका दुपारी मंडळाचा शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन गल्लीत शिरला. पटापटा दारं लागली. कचेरीचा कागद दारात घ्यायचा नाही, हीसुद्धा रीतच. पण ती बुद्धप्रियाला कुणी सांगितली नव्हती. वर्षभराची लेक सृष्टी कडेवर, गॅसवर दूध, दारात माणूस उभा. तिनं सही केली, कागद घेतला आणि आधी गॅस बंद केला का ते दोनदा बघितलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

"आलं का ध्यानात? बी.कॉम. मॅडमनी गल्ली इकली," नवनाथ रिक्षा पुसता पुसता म्हणाला.

"अहो भाऊ, नुसती पोच आहे ती. कागद मिळाला, एवढंच."

"पोचच व्हती की त्यांचीबी," शालनमावशी म्हणाल्या. त्या कडक भाकरीचा व्यवसाय करायच्या; हात पिठाचे होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "गिरणीच्या दारात सायबानं सांगितलं, धोंडीबा, पोच दे. ह्यांनी दिली. न वाचता. दुसऱ्या दिवशी कळलं, राजीनामा व्हता त्यो. शिकलेली हायस, तुला कुणी सांगायचं?"

त्या दिवसापासून मावशींनी बुद्धप्रियाशी बोलणं टाकलं. मात्र सृष्टीला टाकलं नाही. बुद्धप्रिया संध्याकाळी घरीच मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्या वेळी मावशी नेहमीसारख्या दारात यायच्या आणि सृष्टीला घ्यायला हात पुढं करायच्या. जे काही सांगायचं ते पोरीला सांगायच्या.

"सृष्टे, सांग तुझ्या आईला, पोरीच्या कानाला वारं लागतंय, टोपडं दे म्हनावं."

बुद्धप्रिया टोपडं द्यायची. रडू यायचं, आणि हसूही.

कागद तिनं कितीदा वाचला त्याला गणती नाही. सृष्टी झोपली की वाचायचा, खाली पेन्सिलीनं रेघा ओढायच्या. साडेचारशेचं भाडं आठशे होणार, हे पहिल्याच ओळीत होतं आणि गल्लीला तेवढंच ऐकून माहीत होतं. पण खाली आणखी होतं. ज्यांची कमाई कमी, त्यांनी महिनाअखेरपर्यंत अर्ज केला तर पहिलं वर्ष निम्मीच वाढ. अर्ज करणार कोण? ज्याच्या नावावर खोली आहे तो. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, जिच्याखाली तिनं दोनदा रेघ ओढली ती ओळ: भाडेकरू हयात नसेल आणि वारसानं नाव लावून घेतलं नसेल, तर महिनाअखेरीनंतर ती खोली रिकामी समजली जाईल.

तिनं नवऱ्याला, यशपालला फोन लावला. तो श्रीपूरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. हंगाम संपेपर्यंत त्याचं येणं अवघडच.

"भरून टाक की आठशे," तो म्हणाला. मागं ट्रॅक्टरांचा गोंगाट. "एक जादा शिकवणी घे, मी ओव्हरटाइम करतो. घाबरतीस कशाला?"

"पैशाचं नाही हो. आईंच्या नावावर आहे घर. त्या नाहीत, म्हणजे कागदावर या घरात कुणीच नाही. आपण राहतोय कुठं मग?"

तो ट्रॅक्टरांपासून लांब गेला. मग तो म्हणाला, "तू जाऊन विचार. मी सही करायला एक दिवस येतो."

सृष्टीला घेऊन ती कचेरीत गेली. खिडकीपाशी शुभदा नावाच्या बाई होत्या. त्यांनी तिला आत बोलावून खुर्ची दिली, पोरीच्या हातात रबरी शिक्का खेळायला दिला.

"वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, आणि शेजारच्या जुन्या माणसाचा जबाब. की मथुराबाई इथंच राहत होत्या आणि तुम्ही त्यांच्याबरोबर. बस. खोली कुणाची काढायची नाहीये हो आम्हाला," शुभदाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या गल्लीत कुणी दारच उघडत नाही. सांगायचं कुणाला? नवरा-बायको दोघांची नावं लावा. भाडं सव्वासहाशे बसेल या वर्षी."

जुनं माणूस. बुद्धप्रिया गल्लीत दोन-चार घरी फिरली. सगळीकडं एकच उत्तर. "मावशीनं केली सही तर आमीबी करू." पलीकडच्या घरातली रत्नम्मा तर तेलुगू-मराठी मिसळून एवढंच म्हणाली, "शालनक्का काय म्हणते?" आणि दार ओढून घेतलं.

महिना सरत आला होता. बुद्धप्रियाला सारखं वाटायचं, आत्ता कुणीतरी येईल आणि दाराला कुलूप लावेल. सृष्टी भिंतीला धरून उभी राहायला शिकत होती. त्याच भिंतीवर मथुराबाईंनी यशपालच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या, खिळ्यानं ओरखडून.

शेवटी एका सकाळी ती मावशींच्या दारात गेली. मावशी परातीत बाजरी मळत होत्या. बुद्धप्रियानं सृष्टीला खाली बसवलं.

"सृष्टी, सांग आजीला, आपलं घर जाणार आहे म्हणावं."

मावशींचा हात थांबला. "सांग आईला, सही कुनी केली व्हती?"

"मी केली. न वाचता केली असती तर चूक होती. मी वाचलंय मावशी, सगळं वाचलंय." आता पोरीला मध्ये घ्यायचं भान तिला राहिलं नाही. "तुम्ही जबाब दिला नाही तर आमची खोली रिकामी धरतील. आणि मावशी, तुमचीही. धोंडीरामकाकांचं नाव आहे तिथं."

"असू दे की. बरी हाय ती पावती."

"ती येणारच नाही पुढच्या महिन्यात."

मावशी पुन्हा बाजरी मळू लागल्या. सृष्टीनं परातीत हात घातला, तो त्यांनी काढला नाही.

"दर महिन्याला नाव येतंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "छापून येतंय. म्या पुकारते. एवढंच ऱ्हायलंय बग पोरी. चौघात त्यांचं नाव घ्यायचं आनि कुनीतरी हाय म्हनायचं. त्या जागी शालन लिवलं, की ते कुटं ऱ्हायले?"

म्हणजे हे कागदाचं भय नव्हतं. निदान नुसतं भय नव्हतं. बुद्धप्रियानं पिशवीतून कोरा अर्ज काढला, परातीच्या कडेला टेकवला आणि सावकाश, ठळक अक्षरात नाव लिहिलं. मग कागद मावशींसमोर धरला.

मावशींनी पिठाचं बोट नावाखाली फिरवलं. "शालन... धोंडीराम... माने." बोट मधल्या नावापाशी थांबलं. तिथं पिठाचा ठिपका उमटला.

"मधी हायत की," त्या म्हणाल्या.

"असणारच की. पूर्ण नाव लिहायची रीत आहे तिथं."

"आदी एकटे व्हते कागदावर," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "आता म्याबी संगट." आणि लगेच आवाज चढवून, "पन असं न वाचता न्हाय करायची म्या सही. बस खाली. पयल्यापासनं वाच. एक अक्षर गाळशील तर बग!"

बुद्धप्रियानं वाचलं. मावशींनी 'वारस' म्हणजे काय, 'हयात' म्हणजे काय, 'सवलत' किती दिवस, सगळं विचारलं, काही दोनदा. वाढ झाल्यावर बसणारं भाडं भाकरीच्या हिशेबात मोजून बघितलं आणि म्हणाल्या, "जड हाय. पन उचलंल." मग हात धुतले, पदराला पुसले आणि आधी मथुराबाईंच्या घरासाठीच्या जबाबावर, मग स्वतःच्या अर्जावर सही केली. ल मोठा आणि न बारका अशी ती सही बघून बुद्धप्रियाला वाटलं, शाळेतून आल्यावर ही पाटीवर अशीच लिहीत असेल.

मावशींची सही झाल्यावर बाकीची घरंही निघाली, आणि पुढचे दिवस नवनाथच्या रिक्षानं कचेरीच्या इतक्या खेपा केल्या, की तो म्हणाला, "गल्ली इकली न्हाय वो वैनी, तुमी माझं पेट्रोल इकलं." यशपाल एक दिवसासाठी येऊन सही करून गेला. रत्नम्माचा मुलगा मात्र सहीला पुण्याहून वेळेवर आला नाही. तिचा अर्ज अडला. शुभदाबाईंनी मुदत मागून घेते म्हणून सांगितलंय. बुद्धप्रिया रोज तिच्या दारावरून जाताना आत डोकावते, कुलूप नाही ना ते बघते.

नवा महिना लागला. मावशी पिशवी घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी नळाच्या कट्ट्यावर बसल्या. पावत्यांवर नवी नावं होती. त्या अडखळत होत्या. एकदा तर सवयीनं "मथुराबाई" म्हणून गेल्या आणि गप्प झाल्या. 

"हाय," बुद्धप्रिया म्हणाली. मावशींनी मान हलवली आणि पावती नीट वाचली, "यशपाल आनि बुद्धप्रिया शिवशरण."

"हाय," ती पुन्हा म्हणाली. कडेवरच्या सृष्टीनं पावती तोंडात घालायला घेतली.

शेवटची पावती राहिली. मावशींनी ती बघितली, पुन्हा बघितली, आणि बुद्धप्रियाच्या हातात दिली.

"तू पुकार. सोताचं नाव सोताच कसं घिऊ?"

बुद्धप्रियानं सृष्टीला नवनाथकडं दिलं, घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "शालन धोंडीराम माने!"

मावशी क्षणभर थांबल्या. नेहमीसारख्याच.

"हाय की," त्या म्हणाल्या, आणि हात पुढं केला.