पुसलेल्या बाईंचा पत्ता

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. चष्म्याच्या दुकानांची मोठी साखळी, शाखा शहरभर, आणि गिऱ्हाइकांची माहिती कायद्याप्रमाणे सांभाळायचं काम हिचं. "माझी माहिती काढून टाका," असा कुणाचा अर्ज आला की ही माहिती पुसायची आणि मागोमाग तो अर्जही पुसायची. कायदा काही एवढं मागत नव्हता. पण पुसायचं तर मुळासकट, असा हिचा खाक्या. साहेबांनी भर मीटिंगमध्ये तिचं कौतुकही केलं होतं.

ते कौतुक आज अंगाशी आलं. काल सर्व्हर बंद पडला आणि आज सकाळी जुन्या बॅकअपवरून सगळं परत चढवलं. सगळं म्हणजे सगळंच. पुसलेली माणसंही झोप झाल्यासारखी उठून आपापल्या जागी येऊन बसली.

"मग पुसा की परत," साहेब म्हणाले.

"कुणाकुणाला पुसू? अर्जच ठेवले नाहीत मी."

"धन्य आहे तुमची!"

"आणि ते डोळे तपासायची आठवण करणारे मेसेज? ते थांबवलेत ना?" तिने विचारलं.

"ते केव्हाच गेले. कालपासून तुंबले होते, सर्व्हर सुरू झाल्याबरोबर सुटले."

मेसेजात गिऱ्हाइकाच्या घराजवळच्या शाखेचं नाव असतं. आणि तिला एक बाई आठवत होत्या. नाव आठवत नव्हतं, पण फोनवरचा दबका आवाज कानात तसाच होता: "खात्यावर नंबर ह्यांचा आहे हो. मी आता वेगळी राहते. नवा पत्ता मात्र लिहून बसले. ह्यांना कळलं तर माझं काही खरं नाही." मग त्या म्हणाल्या होत्या, "डाव्या बाजूला साधी काच घातलीय मी. त्या डोळ्याने आता दिसत नाही. तेही ठेवू नका." तो डोळा कशाने गेला, हे हिने विचारलं नव्हतं. विचारायची गरजही वाटली नव्हती.

ती शोधू लागली. डावी काच साधी असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या बायका त्याहून कमी, आणि नुकताच पत्ता बदललेली एकच. मेसेजपुढे लिहिलं होतं: पोहोचला. फोन करून सावध करावं तर खात्यात नंबर तोच एक, नवऱ्याचा.

तिने पत्ता वाचला, पुन्हा वाचला आणि मग सगळं पुसून टाकलं. लगेच त्या शाखेला फोन लावला.

"बरं झालं, तुमचाच फोन आला," दुकानातले काका वैतागले होते. "तुमच्या कॉम्प्युटरला भूतबाधा झालीय का? एका बाईंचं खातं उघडलं, आता पत्ता वाचणार, तेवढ्यात सगळं गायब! त्यांचे मिस्टर इथे समोर उभे आहेत. बायकोचा पत्ता हवाय म्हणतात."

तिने आवाज खाली आणला.

"काका, अशा कुणी बाई आपल्याकडे नाहीत. कधी नव्हत्या. त्यांना एवढंच सांगा."

"अहो, पण मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं..."

"काही पाहिलं नाहीत तुम्ही. आणि त्यांना लगेच सोडू नका. फ्रेमा दाखवा, डोळे तपासा, काय वाट्टेल ते करा, पण बसवून ठेवा."

काकांचा आवाज एकदम गोड झाला, "या साहेब, बसा ना. नवा माल आलाय, बघून तरी घ्या."

ती पर्स उचलून निघाली. फोन ऐकत असलेल्या साहेबांनी दारातच अडवलं.

"कुठे निघालात? त्या बाईंची माहिती पुसलीत ना? मग मिटलं."

"कॉम्प्युटरमधली पुसली," ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूने बाहेर पडली.

घर नंबर, गल्ली, मजला. पाढे म्हणावेत तसा तो पत्ता पुटपुटत ती जिना उतरू लागली. मध्येच गल्लीच्या नावाशी अडखळली, कठड्याला धरून उभी राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.