सतराच्या पाढ्याखालचा आवाज

मित्रांनो, कपाटावर इस्त्रीच्या शेजारी जो काळा ठोकळा बसलेला दिसतो ना, तो मी. टेपरेकॉर्डर. माझी मूठ एका बाजूने सुटली आहे आणि कॅसेट मागे नेणारं बटण रुसलेलं असतं. आवाज भरायचं लाल बटण मात्र अजून ठणठणीत आहे. त्याच्याबद्दलच मला बोलायचं आहे, कारण माझ्या हातून जे घडलं ते त्याच्यामुळे घडलं.

मला या घरात आणलं ते बाबांनी. बाबा जहाजावर इंजिनाची देखभाल करायचे, आठ-आठ महिने घराबाहेर. पत्र लिहायचं म्हटलं की त्यांना जांभया यायच्या, बोलायला बसवलं की मात्र थांबायचं नाव नाही. म्हणून घरात एक रीत पडली. बाबा कॅसेटवर बोलून ती टपालाने पाठवायचे. आई आणि छोटी बिट्टी ती माझ्यात घालून दोनदा-तीनदा ऐकायच्या आणि त्याच कॅसेटच्या त्याच बाजूवर आपलं उत्तर भरून परत धाडायच्या. तिकडे बाबाही तेच करायचे. दुसऱ्या बाजूला गाणी होती. ती पुसायला आई मुळीच तयार नसे.

मित्रांनो, नवा आवाज टिपण्याआधी मी जुना पुसून घेतो. माझी घडणच तशी. त्या वेळी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पुढची कॅसेट येणारच होती ना!

बिट्टी सात वर्षांची होती. एका दुपारी तिने स्वतः लाल बटण दाबलं आणि बाबांना सतराचा पाढा म्हणून दाखवला. 'सतरा साते' पाशी अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग आई बोलली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिथल्या गमती सांगून झाल्या. कॅसेट पाकिटात गेली, पाकीट टेबलावर राहिलं. ते टपालात पडायच्या आत जहाजावरून निरोप आला. बाबा तिकडेच तापाने गेले होते.

मायलेकींचं उत्तर बाबांच्या बोलण्याहून थोडं आखूड होतं. तेवढे दोन मिनिटांचे बाबा शेवटी उरले. "...आणि माझा बारा नंबरचा पाना कोणी लंपास केला देव जाणे. इथला चहा म्हणजे निव्वळ गरम पाणी. बरं, टेप संपत आली. उरलेलं पुढच्या वेळी." बाकीचं सगळं मी पुसलं होतं.

त्यानंतर फारसं कुणी मला हात लावला नाही. बिट्टी वाढली, डिजिटल माध्यमं शिकली, घरात फोन आले. मी धूळ खात राहिलो आणि कुणीतरी प्ले दाबावं म्हणून झुरत राहिलो.

यंदा बिट्टीला पीएच.डी.साठी दोन ठिकाणांहून होकार आला. शुक्रवारपर्यंत एक निवडायचं होतं. कागदावर दोन रकाने आखून ती रोज माझ्यासमोर बसायची.

"यात निवडायचं काय?" आई म्हणाली. "मोठ्या विद्यापीठात जायचं, संपलं."

"तिथे विषय आयता मिळतो गं. मुलं पडद्यावरच्या कुठल्या चित्राशी किती वेळ थांबतात, ते मोजायचं. दुसरीकडे चारच माणसं आहेत, घराघरांतले जुने आवाज अभ्यासतात. पण तिथल्या मार्गदर्शक बाई विचारतात, तुझा स्वतःचा प्रश्न काय?"

"मग सांगून टाक की."

"तोच तर सापडत नाहीये."

खरं सांगतो, मला ते चार माणसांचं ठिकाण हवं होतं. बिट्टी मला सोबत नेईल, अशी वेडी आशा होती. पण बुधवारी तिने त्या बाईंना लॅपटॉपवरून विचारलं, "पाढ्याखालचा आवाज परत मिळेल का हो?"

बाई म्हणाल्या, "खोटी आशा दाखवणार नाही. फक्त त्याच्यासाठी येणार असशील, तर येऊ नकोस."

बिट्टीने लॅपटॉप मिटला. गुरुवारी ती मोठ्या विद्यापीठाला होकार लिहायला बसली.

शेजारी आई फोनशी झटापट करत होती. "जागा भरली म्हणतोय हा मेला. थांब, हे तुझे बोललेले निरोप काढून टाकते. शंभरेक तरी असतील."

"माझे का? ती गाणी काढ ना."

"गाणी कशी काढू? तू काय, समोरच तर आहेस..."

आई मध्येच थांबली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं!

"तेव्हाही मी गाणीच राखली गं," ती म्हणाली, आणि रडू लागली.

बिट्टीने तिला जवळ घेतलं. "पाढा मी म्हटला होता, आई. बटण मी दाबलं होतं." इतकी वर्षं हे ओझं तिने एकटीने वाहिलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. डोळे पुसून तिने लिहिलेला होकार खोडला आणि बाईंना पत्र लिहिलं. 'जवळच्या माणसाचा आवाज आपण सगळ्यात आधी का पुसतो? माझा प्रश्न हा आहे.'

तिने कॅसेटची नक्कल लॅपटॉपवर उतरवून घेतली. मला नेलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? निघायच्या दिवशी आईने दवाखान्यातलं दात कोरायचं जुनं हत्यार आणलं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचा एक चिमुकला तुकडा असतो. तो मोडला की त्या बाजूवर लाल बटण दाबलंच जात नाही. आईने तो टक्कन मोडला. एवढंच तर करायचं होतं, मित्रांनो!

तुमच्याकडेही कुणाचा तरी आवाज असेल. चहा पाणचट आहे, पाना हरवला आहे, असलंच काहीबाही बोलत असेल. समोरच आहे म्हणून तो पुसू नका.

आई आता दर रविवारी मला खाली उतरवते. धूळ पुसते, प्ले दाबते. आधी बिट्टी सतरा सातेपाशी अडखळते, मग बाबा येतात.

"उरलेलं पुढच्या वेळी," ते म्हणतात.

"बरं," आई म्हणते. मग मी खट् करून थांबतो.