पेढे मलेरियाचे

“असं करायचं नाही!” असं बजावत अच्युतने गाईच्या कानामागची टम्म फुगलेली गोचीड ओढली आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून पट्‌कन फोडली. रक्त मनगटापर्यंत उडालं. बीरगांवच्या गोठ्यात जमलेल्या गवळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अच्युत पशुदवाखान्यात ड्रेसर, जनावरांच्या जखमा धुऊन बांधणारा. जुनं राज्य फुटून नवं राज्य आलं, पाट्या बदलल्या, साहेब बदलले, ड्रेसर मात्र तोच. गुजरातेत गोचिडीमुळे रक्तस्रावाचा ताप येऊन माणसं दगावली, तेव्हापासून गवळ्यांना सावध करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. हातमोजे घालायचे, गोचीड चिमट्याने काढून रॉकेलात टाकायची, एवढाच धडा. हातमोजे खिशातच होते. पण जित्याची खोड!

“साहब, आपने तो खुद फोड़ दिया!” भैय्यालाल गवळी पोट धरून हसला. अच्युतही हसला.

सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप चढला आणि हसू पळालं. अच्युतने डॉक्टरांना गोचिडीचं सगळं खरं सांगितलं. पहिल्या रक्ततपासणीत काही सापडेना. मग नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल येईपर्यंत अच्युतची रवानगी इस्पितळातल्या वेगळ्या खोलीत झाली. बायको, शारदा, तात्यापाऱ्यातल्या घरून डबा घेऊन यायची आणि काचेबाहेर उभी राहायची.

“साऱ्या गवळ्याइले अक्कल शिकवता, अन् सोताले?” ती काचेतून ओरडली.

“अवं, शिकवूनच तं राहिलो होतो! कसं करायचं नाही ते दाखवलं.”

“मंग आता मरून दाखवता काय, कसं मरायचं नाही ते?”

एवढं बोलली आणि पदराआड रडायला लागली. बैलाची लाथ खाऊनही न डगमगणारा अच्युत त्या क्षणी घाबरला. मरणापेक्षा तिला काचेपलीकडे रडताना बघणं त्याला जड गेलं.

खोलीतल्या चौथ्या दिवशी डॉक्टर निरंजन हसतच आले. “काका, पुण्याचा रिपोर्ट आला. तो गोचिडीचा ताप नाही. आणि आपल्याकडच्या दुसऱ्या तपासणीत मलेरिया निघालाय.”

“मलेरिया?” शारदाने हात जोडले. “आपला साधा मलेरिया?”

“साधा नसतो हो काकू, गोळ्या पूर्ण घ्यायच्या,” डॉक्टर म्हणाले. पण ऐकायला ती होती कुठे? कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणून तिने दारावरच्या रखवालदारापासून वाटायला सुरुवात केली.

“काय आनंदाची बातमी, दीदी?” त्याने विचारलं.

“यायले मलेरिया झाला ना, भैया!”

रखवालदाराने पेढा घेतला आणि तिच्याकडे जरा जपूनच पाहिलं.

तेवढ्यात भैय्यालाल दुधाची बाटली घेऊन पोचला. “साहब, अब पूरे पारा-मोहल्ले में कोई नाखून से नहीं फोड़ता. सब डर गए.”

“हव?” अच्युतची कळी खुलली. “इतके दिवस बोंबललो, तवा कोणी आयकलं नाही!”

शारदा आता आत आली होती. घरी, गोठ्यातून आलेल्या अच्युतची आंघोळ झाल्याशिवाय ती त्याच्या हातात पाण्याचा पेलाही देत नसे. आज तिने परक्या माणसादेखत त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि खाटेवर बसून राहिली.

पेढ्यांचा पुडा समोर होता. अच्युतने हात सोडवून घेतले नाहीत. पेढा त्याला भैय्यालालने भरवला.