दोनशे चाळीस डाव्या बाह्या

कटिंग मास्तरांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. शिवणकामाच्या त्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी कापड कापलं आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःची चूक? छे! ती त्यांना कधी भेटलीच नव्हती. त्या बुधवारी भेटली, आणि तीही एकटी आली नाही.

सुरुवात शिवणाऱ्या काकूंच्या किंकाळीनं झाली. त्यांनी डॉक्टरांचा नवा पांढरा कोट पुतळ्यावर चढवला होता आणि उजवी बाही हात मोडल्यासारखी मागे वळली होती. दुसऱ्या कोटाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. मास्तरांनी बाह्यांचा गठ्ठा उपसला. वरची डावी, खालची डावी, मधलीही डावी. कोट एकशेवीस, बाह्या दोनशे चाळीस, झाडून साऱ्या डाव्या! कापडाची एक बाजू चकचकीत, दुसरी फिकी, त्यामुळे उलटी करून लावायचीही सोय नाही.

मास्तरांना सोमवार आठवला. कापडाचे थर नेहमी एक सुलटा, एक उलटा असे लावायचे, म्हणजे एकाच कापात डाव्या-उजव्याची जोडी निघते. सोमवारी घाईघाईत त्यांनीच सांगितलं होतं, "सगळे सुलटे लावा, लवकर उरकेल." कोट शुक्रवारी हॉस्पिटलात पोचायचे होते आणि जादा कापड वीतभरही नव्हतं.

असं असताना माणसाच्या तोंडून काय निघावं?

"मावशी! डावं-उजवं तरी कळतं का तुम्हाला?"

थर लावणाऱ्या मावशींनी मान वर केली. "अहो, मी तर..." एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चालायचं. खरं काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण मास्तरांच्या तोंडी कोण लागणार!

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. बाई ख्रिस्ती. रोज काम सुरू होण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि मास्तर मागून पुटपुटायचे, "झोप राहिली वाटतं."

बाईंनी गठ्ठा पाहिला, मास्तरांचा उतरलेला चेहरा पाहिला, मावशींचे डोळे पाहिले. कोणी केलं, हे विचारलंच नाही. फोन उचलला आणि सगळ्यांदेखत हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरबाईंना सांगितलं, "कोटांच्या बाह्या चुकल्यात. चूक माझी आहे. काहीतरी मार्ग काढून कळवते." पलीकडून चांगलीच खरडपट्टी निघत होती. बाई आपल्या "हो, खरं आहे तुमचं" म्हणत राहिल्या.

फोन ठेवला, चपला काढल्या आणि जमिनीवर बसकण मारून त्यांनी लावलेल्या बाह्यांचे टाके उसवायला घेतले. उसवणं म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात रटाळ काम, जो तो ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा.

मास्तर जवळ गेले. "बाई, तुमची कसली चूक? तुम्ही तर इथं नव्हतात."

"कारखाना माझा, घाई मी लावलेली. मग चूक कुणाची?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि खरं सांगू? माझी केवढाली ओझी येशूनं आपणहून उचलली. हे एवढंसं उचलायला मला काय होतंय! तुम्ही बाह्यांचं डोकं चालवा बघू. तुमच्यासारखा हात इथं दुसऱ्या कुणाचा नाही."

मास्तरांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिव्यांना द्यायला त्यांच्याकडे उत्तरं होती.

ते टेबलाशी गेले आणि एक बाही तासभर उलटीपालटी करत राहिले. मग एकदम ओरडले, "आखूड करा! डावं-उजवं कोपरापाशी असतं. कोपराखालचा भाग उडवायचा, खांद्याचा गोल दोन्हीकडून सारखा करायचा. मग बाही कुठल्याही हाताला बसेल!"

बाईंनी पुन्हा फोन करून परवानगी मिळवली. मग काय विचारता! दोन दिवस मशीनं थांबली नाहीत. बाई उसवत होत्या, केर काढत होत्या, सगळ्यांना हातात चहा नेऊन देत होत्या. काकू गाणी म्हणत होत्या, आणि सूर चुकला तरी मास्तर ओरडले नाहीत.

शुक्रवारी सकाळी कोट गेले. दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, हात धुताना बाह्या सावरायची कटकटच गेली! सगळे खूश आहेत. ही अक्कल कोणाची?"

"आमच्या मास्तरांची," बाई म्हणाल्या. "थांबा, त्यांनाच देते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीही मनापासून टाळ्या वाजवत होत्या, आणि नेमकं तेच मास्तरांना सोसेना. दोष बाईंनी ठेवून घेतला, बोलणी मावशींनी खाल्ली, आणि शाबासकी मात्र आपल्या पदरात! त्यांनी फोन हातात घेतला.

"मॅडम," ते फोनमध्ये म्हणाले, "आखूड बाही माझी, तशी ती डावीही माझीच. बाईंची काही चूक नव्हती." मग फोन तसाच हातात धरून ते वळले. "मावशी, थर तुम्ही माझ्या सांगण्यावरून लावलेत. माझं चुकलं."

मागे चालू असलेली दोन-चार मशीनंही थांबली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला, नाक ओढलं, आणि मग हळूच हसल्या.

"मास्तर, मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. परत म्हणता?"

मशीन तर एकही चालू नव्हतं. मास्तरांनी परत म्हटलं, चांगलं मोठ्यानं.