कौन्सिलमध्ये असतात

"झुडपामागे दडून बसे, घड्याळावर नजर..." हरीशनं पहिली ओळ वाचली आणि लंडनमधल्या एजवेअरच्या लायब्ररीत जमलेलं मराठी ज्येष्ठांचं टोळकं खुसखुसायला लागलं.

सहाशे वर्षांपूर्वीचे इंग्रज कवी एकेका धंद्याची खोड कवितेत टांगून ठेवत. मापात मारणारा गिरणीवाला, शिकारीला चटावलेला साधू, कुणाची सुटका नव्हती. एडिनबऱ्यात त्यावर पीएचडी करणाऱ्या अक्षरानं आज सगळ्यांना चिठ्ठ्या काढायला लावून एकेक धंदा वाटला होता. इथेच जन्मलेली पोर, पण मराठी बोलायची हौस दांडगी. हरीशच्या वाट्याला आला ट्रॅफिक वॉर्डन, पार्किंगची वेळ टळलेल्या गाड्यांवर दंडाचं तिकीट लावणारा.

"मिनिट टळता वॉर्डन हजर. शववाहिकेलाही सोडीना मेला, काचेवर तिकीट लावून हसत गेला."

सगळे पोट धरून हसले. शशीही हसला, पण शेजारी बसलेल्या बायकोकडे त्यानं पाहिलं नाही. सत्तावीस वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. मंडळात कुणी विचारलं, की सुप्रभा सांगायची, "हे कौन्सिलमध्ये असतात," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चिवड्याची बशी पुढे करायची. खोटं नव्हतंच ते; वॉर्डनचा पगार कौन्सिलच, म्हणजे इथली नगरपालिकाच द्यायची. शशीलाही ते सोयीचं वाटायचं, आणि सोयीचं वाटतं याची लाजही वाटायची.

"अंकल, आता तुमचा टर्न," अक्षरा म्हणाली. "तुमचा कविता कुठे आहे?"

शशीनं आपला कोरा कागद दुमडला. "हरीश, मी वॉर्डन होतो. हसलो मात्र कधी नाही रे. शववाहिकेला तिकीट दिलं नाही. हॉस्पिटलबाहेर दिलं एकदा, एका बाईला. तिचा नवरा आत शेवटच्या घटका मोजत होता, ते मला नंतर कळलं. ते घाल कवितेत. ते खरं आहे."

हरीशचा चेहरा उतरला. "सॉरी यार, मला खरंच माहीत नव्हतं. फाडून टाकतो."

"फाडू नकोस. चांगली जमलीये."

अक्षरा हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही कधी बोलला नाही."

सुप्रभानं घसा साफ केला. "नाही बोलले. चुकलंच माझं. सत्तावीस हिवाळे रस्त्यावर उभे होते हे. पाय इतके सुजायचे, की बूट मला ओढून काढायला लागायचे."

शशीनं तिच्याकडे पाहिलं. ती मात्र समोर बसलेल्या एकेकाच्या डोळ्यांत बघत होती.